पट्टीला लाल टॅग

एखाद्या वस्तूला नुसतं ‘जुनी’ म्हणायचं असेल तर त्यात अवघड ते काय, असं मलाही वाटायचं. आता कोणी तसं म्हणालं तर मी त्याला हाताला धरून आमच्या चाकणच्या कंपनीत नेईन आणि सांगेन, घ्या, म्हणून दाखवा. फक्त त्याआधी क्वालिटी, सेफ्टी, एचआर आणि युनियन, एवढ्यांच्या सह्या आणा. मग बोलू.

आमची कंपनी क्लचप्लेट बनवते. मी बनवत नाही. मी आयटी विभागात आहे. मोशीला आमच्या सोसायटीत आयटी म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते, मग मी चाकणला जातो असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा हळूच पडतो आणि तो विचारतो, “मग तुम्ही नक्की करता काय?” या प्रश्नाचं उत्तर मी तीस वर्षं शोधतो आहे. तर ते असो.

कंपनीत जितके कॉम्प्युटर, तितक्या त्यांच्या तऱ्हा. वजनकाट्यावर एक प्रोग्रॅम, कॅन्टीनच्या कुपनाला दुसरा, गेटवर हजेरी लावायला तिसरा. अशा प्रत्येक प्रोग्रॅमची एक बांधलेली पुडी असते, तिला पॅकेज म्हणतात. कुठल्या कॉम्प्युटरवर कुठलं पॅकेज आहे, त्याची नवी आवृत्ती आली आहे का, यावर लक्ष ठेवणारा जो वरचा प्रोग्रॅम, तो पॅकेज मॅनेजर. आमच्याकडे त्याला ‘कोठार’ म्हणतात. हे कोठार स्वभावाने चांगलं आहे, पण त्याला एक वाईट खोड होती. जे जे ताजं नाही त्या सगळ्यापुढे ते एकच शब्द लिहायचं, ‘आउटडेटेड’. काल नवी आवृत्ती आली आणि आज आपण घेतली नाही, आउटडेटेड. बनवणारा दुकान बंद करून परदेशात निघून गेला, तरी आउटडेटेड. आणि ज्याच्यातून उद्या कोणी चोर आत शिरून सगळी कंपनी धुवून नेऊ शकतो, तोही बापडा आउटडेटेडच. म्हणजे डॉक्टरने सर्दीवाल्याला आणि हार्ट अटॅकवाल्याला एकाच अक्षरात ‘आजारी’ लिहून घरी पाठवावं, तसलं काम.

एके दिवशी आमचे प्लांट हेड निरंजन सर यांनी ती यादी उघडली. पानच्या पान भरून एकच शब्द. पुढच्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. सरांनी मला आणि माझा बॉस सलिल याला बोलावून घेतलं आणि विचारलं, “आपण कंपनी चालवतो आहोत की म्युझियम?”

सलिल माझा बॉस आहे, पण माझ्या मुलाच्या वयाचा शोभेल. पोरगा हुशार आहे, फक्त सगळ्या गोष्टी त्याला परवापर्यंत हव्या असतात. केबिनबाहेर आल्यावर तो म्हणाला, “नंदकिशोर सर, प्रत्येक पॅकेजपुढे नेमका शब्द यायला हवा. कुठलं नुसतं जुनं, कुठलं बेवारस, कुठलं घातक. आणि मराठीत, म्हणजे शॉप फ्लोअरवर मशीन चालवणाऱ्यालाही कळेल. तुमचं मराठी चांगलं आहे.” माझं मराठी चांगलं असल्याचा पुरावा म्हणजे महाराष्ट्र दिनाचा फळा दरवर्षी मी लिहितो. मग जाता जाता तो सहज म्हणाला, “आणि हो, सगळ्यात वाईट शेरा ज्यांना मिळेल ना, ती पॅकेजेस आपण या तिमाहीतच काढून टाकू.”

हे मला परवडणारं नव्हतं. कारण त्या यादीत पट्टी होती.

पट्टी माझी आहे. कंपनी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हा मी एकट्याने लिहिलेला प्रोग्रॅम. खोका भरला की त्यावर चिकटवायचं लेबल ती छापते. पार्ट नंबर, बॅच, गिऱ्हाइकाचा कोड, सगळं. ते लेबल नसेल तर गिऱ्हाइकाचं गेट आमचा खोका आत घेत नाही. इतकी वर्षं ती बिनबोभाट चालली आहे आणि चालते म्हणूनच तिला कोणी हात लावलेला नाही. पण कोठाराला ‘चालतं’ ही गोष्ट दिसत नाही, त्याला फक्त तारीख दिसते. पट्टीची शेवटची दुरुस्ती झाली तेव्हा आमच्या विभागातली करिष्मा चौथीत होती, असं तिनेच मला हिशेब करून सांगितलं. मुलगी कामाची आहे, पण असले हिशेब तिने मनातल्या मनात करावेत.

सरळच सांगतो, मला भीती वाटत होती. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. या कंपनीत माझ्या नावावर सांगण्यासारखं एकच काही आहे, ते म्हणजे पट्टी. बाकी मी जन्मभर लोकांचे पासवर्ड बदलून दिले. आता तिच्यापुढे जो शब्द लिहिला जाईल तो आपल्याही कपाळावर बसणार, असं मला उगाचच वाटायला लागलं, आणि तो शब्द शोधायचं काम माझ्याकडेच आलेलं.

घरी विषय काढला. माझी बायको सुहासिनी सांगवीच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांचा तुटवडा नव्हता. तिने पोळ्या लाटता लाटता ‘जीर्ण’, ‘कालबाह्य’, ‘अप्रचलित’ आणि ‘लुप्तप्राय’ असे शब्द काढले.

“अगं, लुप्तप्राय पक्षी असतात. आणि अप्रचलित हे शॉप फ्लोअरवर कोणाला कळणार?”

“मग त्यांना शिकवा. सहावीच्या मुलांना कळतं.”

“तिथे दुसरी शिफ्ट सुरू असताना मी शब्दार्थ सांगत बसू?”

“अहो, तुम्हाला शब्द नकोच आहे मुळी,” ती लाटणं खाली ठेवत म्हणाली. “पट्टीला चांगलं वाटेल असं काहीतरी हवंय तुम्हाला.” लग्नाला इतकी वर्षं झाली की असं उघडं पडायला होतं. मी ताट घेऊन बाहेर टीव्हीसमोर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये दौलतराव भेटले. आमची सोसायटी त्यांच्या घरच्या वावरावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर फ्लॅट मिळाला, पण ते बसतात पार्किंगमध्ये खुर्ची टाकून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. माझा चेहरा बघून त्यांनी मला थांबवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“आता यवढं काय त्यात? जुनं म्हना की सरळ!”

“पण दौलतराव, जुनं म्हणजे वाईट असं लोकांना वाटतं.”

“कोन म्हनतं वाईट? माझा ट्रॅक्टर जुना हाय, चालतोय. बुलेट जुनी हाय, ती चालत न्हाई. पर तिला कुनी जुनी म्हनलं तर मला राग येतो बगा.”

मदत म्हणून त्यांनी हा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘नंदकिशोरभाऊंकडं जुनी वस्तू हाय, तिला काय म्हनावं?’ एवढंच लिहिलं. संध्याकाळपर्यंत सी विंगमधून ‘वापरलेली पण कंडिशन चांगली’ असं उत्तर आलं, कोणी ‘अँटिक’ म्हणालं, सेक्रेटरींनी पार्किंगच्या स्टिकरची आठवण करून दिली, आणि रात्री जेवायच्या वेळी एक जोडपं फ्रिज बघायला दारात उभं राहिलं. आमचा फ्रिज विकायचा नाही हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. सुहासिनीने त्यांना सरबत दिलं, ते त्याच फ्रिजमधून काढून, त्यामुळे त्यांची त्याच्यावर आणखीच मर्जी बसली.

अखेर मी चार शब्द पक्के केले. नवी आवृत्ती आली असेल तर ‘नवं उपलब्ध’. बनवणारा सोडून गेला असेल तर ‘सांभाळणारा नाही’. चोर शिरू शकेल असं असेल तर ‘धोकादायक’. आणि ज्याचं काम संपलं ते ‘निवृत्त’. मला वाटलं, झालं काम. पण आमच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर जे काही चार लोकांना दिसेल ते सगळं ‘प्रदर्शित सूचना’ या सदरात येतं. तिला नंबर लागतो, नंबरासाठी मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी मीटिंग लागते.

मीटिंगमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणाले, “‘धोकादायक’ लिहिलंत तर शेजारी कवटीचं चित्र आणि वाळूची बादली कंपल्सरी आहे.”

“साहेब, प्रोग्रॅम आहे तो. बादली कुठे ठेवू?”

“ते तुम्ही बघा. नियमात बादली आहे.”

एचआरच्या बाईंना ‘सांभाळणारा नाही’ हे फार दुःखी वाटलं. नव्या भरतीची मुलं फ्लोअर बघायला येतात, त्यांच्या मनावर परिणाम होईल म्हणाल्या. मग युनियनचे रविराज उठले. आडदांड माणूस, पण बोलतो अगदी समजावून. “राव, निवृत्त म्हटलं की मागे ग्रॅच्युइटी आली. आणि आमच्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी दिवसभर स्क्रीनवर निवृत्त, निवृत्त वाचत मशीन चालवायचं? चालणार नाही आपल्याला.” मी ‘निवृत्त’ खोडून ‘कालबाह्य’ लिहिलं. ते म्हणाले, “काळ कोण ठरवणार?” मी तोही खोडला. खरं सांगायचं तर मी टेबलाच्या या बाजूला बसून मनातून त्यांच्याच बाजूने होतो, फक्त मला युनियनची वर्गणी भरायची सोय नव्हती.

अशा मीटिंगा होत राहिल्या. माझे शब्द जायचे आणि चावून चोथा होऊन परत यायचे. सलिल रोज विचारायचा, “सर, झालं का?” आणि मी रोज “होत आलं” म्हणायचो.

आणि एका दुपारी कॅन्टीनमध्ये हात धुताना मला ते सापडलं. बेसिनशेजारी एक मोडकं स्टूल होतं आणि त्याला लाल टॅग बांधलेला होता. कारखान्यात काम केलेल्याला लाल टॅग सांगावा लागत नाही. जी वस्तू लागते की नाही याची शंका आहे, तिला लाल टॅग बांधायचा. मग जबाबदार माणसाने महिन्याभरात ती बघायची आणि ठेवायची की काढायची ते ठरवायचं. याचं रीतसर ट्रेनिंग मी घेतलेलं आहे. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावलं आहे, दाराच्या मागे, म्हणजे दार उघडं असलं की दिसत नाही. शब्दच नको! नुसतं नवं आलं असेल तर पिवळा टॅग, आणि ज्याचा कोणीतरी बसून विचार करायला हवा त्याला लाल टॅग. फ्लोअरवरचा प्रत्येक माणूस ही भाषा जाणतो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बादली लागली नाही, कोणाच्या मनावर परिणाम झाला नाही, रविराजांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एका दिवसात चारही सह्या झाल्या. आमच्या कंपनीत एका दिवसात चार सह्या होतात तेव्हा काहीतरी चुकतंय हे मला कळायला हवं होतं, पण मी हवेत होतो.

आता राहिली पट्टी. नियम मीच केला होता. पाच वर्षं दुरुस्ती नाही, तर लाल. मी तिच्यापुढे लाल लिहिलं.

“सर, खरंच?” करिष्माने विचारलं.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हटलं. आतून मात्र माझा वेगळाच डाव होता. लाल टॅग म्हणजे कोणीतरी बसून विचार करणार, म्हणजे मीटिंग होणार, म्हणजे पट्टीबद्दल मला बोलायला मिळणार. मी भाषणसुद्धा तयार केलं होतं. बसमध्ये मनातल्या मनात म्हणून बघायचो आणि शेवटच्या वाक्याला माझं मलाच भरून यायचं.

करिष्माच्या डोक्यात मग आणखी एक कल्पना आली. स्क्रीनवर कोण बघतंय, आपण खरेखुरे टॅग छापून कॉम्प्युटरलाच बांधू. मला ती फार आवडली. लेबलच्या प्रिंटरमध्ये लाल रोल घातला आणि टॅग छापले. छापले कशाने? पट्टीने. तिने स्वतःचा लाल टॅगसुद्धा स्वतःच छापला, अगदी सरळ रेषेत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तो मी माझ्या हाताने तिच्याच कॉम्प्युटरला बांधला. शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना कंपनीभर कॉम्प्युटरांच्या गळ्यात लाल टॅग लोंबत होते. ज्याच्यावर एक जरी लाल पॅकेज असेल त्याला एक टॅग, असा करिष्माचा हिशेब होता. आणि एकही लाल पॅकेज नाही असा कॉम्प्युटर आमच्याकडे शोधूनही सापडला नसता.

ट्रेनिंगच्या स्लाइडवर ‘महिन्याभरात’ असं लिहिलेलं आहे हे खरं. पण मी एसीत बसणारा माणूस. फ्लोअरवर शनिवारी काय होतं ते मला कुठे ठाऊक? दर शनिवारी तिथे साफसफाईची स्पर्धा असते. जो विभाग सगळ्यात जास्त लाल टॅगच्या वस्तू भंगार यार्डात नेऊन टाकतो, त्याला फिरती ढाल आणि निरंजन सरांकडून मिसळ. मागच्या खेपेला डिस्पॅच विभाग पेंट शॉपकडून एका टॅगने हरला होता. एका टॅगने! तेव्हापासून डिस्पॅचवाले पेंट शॉपच्या माणसांशी चहासुद्धा पीत नव्हते. त्यांनी शनिवारी सकाळी डोळे चोळत आत पाऊल टाकलं आणि बघतात तर चहूकडे लाल टॅग. देव पावला म्हणायचा त्यांना.

मी तेव्हा बसमध्ये, चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. करिष्माचा फोन आला. “सर, गेटवर हजेरीचं मशीन नाहीये.”

“बंद पडलंय का?”

“नाही सर. नाहीये.”

मी पोचलो तर गेटवर रांग लागलेली. वॉचमन कोण आलं कोण गेलं ते पुठ्ठ्यावर लिहून घेत होता. कॅन्टीनच्या कुपनाचा कॉम्प्युटर गायब, तिथे ठेकेदार तोंड बघून नाश्ता देत होता. पेंट शॉपने आपले सगळे कॉम्प्युटर नेले होते, वजनकाटा उघडा पडला होता. निरंजन सरांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक जुनाट कॅल्क्युलेटर होता, त्यापायी तोही गेला होता, मात्र मोठ्या साहेबांचा म्हणून चादरीत गुंडाळून. आणि डिस्पॅचवाले घाम पुसत, छाती फुगवून उभे. “सर, आपल्याकडे एक लाल टॅग ठेवला नाही!” असं म्हणून त्यांच्या सुपरवायझरने माझा हात हातात घेऊन हलवला. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच्यामागे ट्रक उभा होता. अर्धा भरलेला. उरलेले खोके खाली, आणि त्यांच्यावर लेबल नाही. दुपारी मोठ्या गाड्यांना रस्ता बंद होतो, त्याच्या आत ट्रक निघाला नाही तर गिऱ्हाइकाकडची उत्पादनाची लाइन बंद पडणार होती. सलिल धावत आला. पोरगा घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला त्याची दया आली.

“सर, पट्टी कुठे आहे?”

“भंगारात,” मी म्हटलं.

भंगार यार्ड कंपनीच्या मागच्या कोपऱ्यात आहे. तारेचं कुंपण, आत जुने ड्रम, तुटक्या खुर्च्या, आणि दारात रंगराव. रंगराव वडगाव मावळकडचे, यार्डाची किल्ली त्यांच्या कमरेला. शेजारी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला होता आणि त्यात पहिले ड्रम चढतही होते. ढिगाच्या वर, पालथा पडलेला, पट्टीचा कॉम्प्युटर दिसत होता.

“रंगराव, तो कॉम्प्युटर आणि प्रिंटर परत हवाय. आत्ता.”

“सायब, हितं आत आलेलं भाईर जातं ते टेम्पोतनंच. न्हाईतर परत न्यायचा हिरवा टॅग आना, लगीच देतो.”

“हिरवा टॅग छापायचा तोच कॉम्प्युटर आहे.”

रंगरावांनी मागे वळून ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “मंग आवघड हाय,” ते म्हणाले, अगदी मनापासून वाईट वाटून.

सलिल पुढे झाला आणि त्यांना इंग्रजीतून तातडी समजावू लागला. रंगरावांनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सायेब, आदी हेल्मेट घाला.” मग मला हळूच विचारलं, “त्यो पोग्राम तुमचा हाय व्हय?”

“हो. मी लिहिलाय. इथे आलो त्या वर्षी.”

“आदी न्हाई का सांगायचं! मी टेम्पोवाल्याला च्या पाजतो, तवर थांबंल त्यो. पर भाईर न्हाई सोडता यायचं मला. माजी नोकरी जाईल.”

त्यांचंही खरं होतं. त्यांच्यावर आवाज चढवून मला काय मिळणार होतं? मी कुंपणाच्या तारेला धरून उभा राहिलो. मला पट्टीची, ट्रकची, सलिलची आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची काळजी वाटत होती. मग विचारलं, “रंगराव, बाहेर न्यायचा नाही. पण मी आत आलो तर?”

“या की. मानसाला कुटं मनाई हाय?”

“आत प्लग आहे का?”

“पंख्याचा हाय.”

तर अशा रीतीने आमच्या कंपनीचा डिस्पॅच विभाग त्या दिवशी भंगार यार्डात भरला. तीन पायांचं एक टेबल मिळालं, चौथ्या पायाच्या जागी विटा लावल्या. पंखा काढून तिथे कॉम्प्युटर लावला. तो सकाळी कसा उचलला, कसा फेकला, कोण जाणे. मी बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली. सलिल काहीतरी बोलायला गेला तर करिष्माने त्याला “थांबा ना सर!” म्हणून दटावलं. मग कुठूनतरी घरघर आली, आणि मी कधीकाळी मोठ्या हौसेने निवडलेल्या भडक निळ्या रंगावर अक्षरं उमटली, ‘पट्टी तयार आहे’. मी धूळ गेल्यासारखा डोळा चोळला. तशी तिथे धूळ होतीच.

डिस्पॅचवाले ट्रॉलीवरून खोके यार्डात आणायला लागले. लेबल छापायचं, चिकटवायचं, खोका बाहेर, तिथे वळवून आणलेल्या ट्रकमध्ये. बाहेर जाताना प्रत्येक खोक्याला हिरवा टॅग हवा का, यावर रंगराव थोडा वेळ अडून बसले. मग त्यांनीच तोडगा काढला, की खोक्यांना मुळात लाल टॅग नव्हता, म्हणजे ते पाहुणे आहेत, पाहुण्यांना जाऊ द्यावं. पेंट शॉपची माणसंही शत्रुत्व विसरून ट्रॉली ढकलायला आली. मधेच निरंजन सर आले. काय चाललंय हे त्यांना कोणी धड सांगू शकलं नाही, म्हणून ते एका खुर्चीवर बसून बघत राहिले. ती खुर्ची भंगारातली होती. तिच्या पाठीला लाल टॅग होता, पण सांगायची कोणाची छाती झाली नाही. ट्रक यार्डाच्या मागच्या गेटातून वेळेत निघाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पट्टीला होत्या असं मी धरून चाललो.

सोमवारी मीटिंग झाली. टॅग रद्द, कॉम्प्युटर जागेवर. निरंजन सरांनी मला बोलायला सांगण्याआधी सलिलच उठला. “सर, माझं चुकलं. पट्टी काढायची नाही. तिच्यापुढे ‘उत्तम स्थितीत’ असं लिहू या.” रविराज म्हणाले, “एकदम बरोबर.” सेफ्टीवाल्यांचीही हरकत नव्हती. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी जिंकलो होतो. भाषण खिशात होतं, आता नुसतं उठून ते म्हणायचं होतं.

मी उठलो, आणि मला ते भाषण म्हणवेना. कारण शनिवारपासून एक गोष्ट मला आत टोचत होती. यार्डात स्क्रीन काळी होती तेव्हा तिथे इतकी माणसं होती आणि सगळीच्या सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. बस तशीच चौकात अडकून राहिली असती तर?

“तसं लिहू नका,” मी म्हटलं. “ते खोटं होईल. पट्टी चालते, त्यात शंका नाही. पण ती मी सोडून कोणाला येत नाही, आणि मी दोन वर्षांनी जाणार. तेच लिहा. प्रत्येक पॅकेजपुढे दोनच साध्या गोष्टी लिहा, चालतंय का, आणि कोण सांभाळतंय. पट्टीपुढे लिहा, चालते, सांभाळणारा एकच, तोही जायला निघालाय.”

बोलून गेलो आणि फार वाईट वाटलं. इतके दिवस ज्या शब्दाला घाबरत होतो तो मीच माझ्या तोंडाने चारचौघांत सांगितला होता. एचआरच्या बाई पाणी प्यायल्या.

मग मागच्या खुर्चीवरून करिष्मा म्हणाली, “सर, दुसरं नाव माझं लिहा ना.”

बस, एवढंच म्हणाली, जसं काही चहा कोण कोण घेणार म्हणून विचारलं होतं. सलिलने लगेच लिहून टाकलं. मी चष्मा पुसत बसलो.

दुपारी तिने माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पट्टी आतून उघडली. मी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसलो होतो. ती वाचत होती, मान हलवत होती, मधेच “अरे वा” म्हणत होती. मग थांबली.

“सर, इथे एक ओळ आहे. तिच्यावर तुम्ही लिहून ठेवलंय, ‘खालची ओळ काढू नये. का ते विचारू नये.’” तिने माझ्याकडे बघितलं. “का?”

मी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. लिहिलेलं माझंच होतं, त्याबद्दल वाद नाही. ती ओळ तिथे कशाला होती ते मात्र, शपथेवर सांगतो, मला काडीचं आठवेना.

“करिष्मा,” मी म्हटलं, “आजचा ट्रक जाऊ दे. मग आपण दोघं मिळून काढून बघू.”